वाडग्यातलं विकायचं नसतं

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या बाईला झाडं लावायचा छंद आहे असं कळलं, की आमच्या यवतमाळकडचा माणूस आधी तिच्या तोंडाकडे बघतो. "तुमच्या बाबाची एवढी पऱ्हाटी होती म्हंते, मंग घरी आनखी झाडं कायले लावता?" हा प्रश्न मला माहेरी विचारला गेलाय, सासरी विचारला गेलाय, भाजीवाल्यानंही विचारलाय. त्यांचंही चूक नाही. ज्या जिल्ह्यात मृग लागला की जो तो बियाण्याच्या रांगेत उभा असतो, तिथं डब्यात मेथी टाकून रोज सकाळी तिच्याकडे वाकून बघणं ही नसती हौसच वाटणार.

पण शेताचा कारभार वेगळा आणि वाडग्याचा, म्हणजे घरामागच्या परसाचा, वेगळा. शेतात काय पेरायचं ते बाबा ठरवत, निदान तसं त्यांना वाटे. खरं तर ते ठरवायचा कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज आणि दुकानात त्या साली कशाची चलती आहे ते. बाबांच्या काळात संकरित कापूस आला. 1970 मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून निघालेला एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. त्याच्या पाठोपाठ 1972 पासून सरकारची एकाधिकार खरेदी. भावाच्या काळात, 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बघता बघता साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाशिवाय शिवारात पऱ्हाटी दिसेनाशी झाली. संकरित म्हणजे बी धरून ठेवण्यात अर्थ नाही, दर साली नवं विकत. जोडीला सोयाबीन, जे आमच्यापैकी कुणी कधी ताटात वाढून घेतलं नाही. एवढ्या एकरांत जे उगवायचं ते सगळं गाडीत भरून जायचं. घरामागच्या अर्ध्या गुंठ्यातलं मात्र कधी बाजार बघायचं नाही. तिथं आजीची सत्ता होती आणि तिचा दंडक एकच: वाडग्यातलं विकायचं नसतं.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं, चिंतामणीच्या देवळापासून बैलगाडीच्या अंतरावर. मागचं दार उघडलं की न्हाणी. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळी, थोडं पुढे गोडनिंब. तुराट्यांचं कुंपण, त्यावर वालाचा वेल. विहिरीकडेला हेटा, त्याच्या पांढऱ्या फुलांची भाजी दसऱ्याच्या आगेमागे व्हायची. कोहळं गोठ्याच्या छपरावर चढवलेलं. मधल्या वाफ्यांत वांगी, मिरची, सांभार (कोथिंबीर), आंबटचुका. कडेनं अंबाडीची रांग. कोपऱ्यात उकिरडा. शिवाय न लावता येणारा तरोटा, केना आणि चिवळ. निंदताना आजी हे तण म्हणून उपटायची आणि उपटलेलं फेकायची नाही, पदरात घ्यायची. चिवळीची भाजी आणि भाकर हा उन्हाळ्यातला आमचा सगळ्यात आवडता घास, आणि त्यासाठी कुणी कधी बी पेरलेलं मला आठवत नाही.

बियाणं हा आजीचा खरा खजिना. भोपळ्याच्या, कोहळ्याच्या बिया धुऊन सावलीत वाळवायच्या, ताज्या शेणाच्या गोळ्यात दाबायच्या आणि गोळा गोठ्याच्या भिंतीवर थापायचा. रोहिणी लागल्या की ती गोवरी फोडायची, बिया रात्रभर भिजत घालायच्या. दोडका वेलावरच वाळू द्यायचा. हलवला आणि आतून खुळखुळ वाजला की तयार. त्याचं टोक मोडलं की काळ्या बिया आपसूक हातात सांडतात. वाल आणि बरबटी राखेत घोळून मडक्यात, मडक्याच्या तोंडावर फडकं, फडक्यावर शेणमातीचा लेप. राखेनं भुंगा लागत नाही.

सगळ्यात गंमत वांग्याची. बियाण्यासाठी राखलेल्या वांग्याला ती लुगड्याची चिंधी बांधायची. पहिल्या बहराचं नाही, शेवटच्याही नाही. मधल्या बहरातलं, आणि तेही ज्या झाडाला वर्षभर कीड शिवली नाही अशा झाडाचं. चिंधीचं वांगं तोडलं तर पाठीत धपाटा ठरलेला. ते झाडावरच पिवळं पडेस्तोवर ठेवायचं, मग पाण्यात कुस्करायचं. वर तरंगेल ते फेकून द्यायचं, खाली बसेल ते धरायचं. निवड पद्धत म्हणून हेच सगळं पुढे मी कृषी पुस्तिकांत वाचलं. चिंधी तेवढी त्यात नव्हती.

72 च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी यायची, तिच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. त्या वर्षीही वालाचं मडकं फोडलं गेलं नाही. खूप वर्षांनी मी लेनिनग्राडच्या बीज-संग्रहाबद्दल वाचलं. 1941 ते 44 च्या वेढ्यात शहर उपाशी मरत असताना तिथल्या शास्त्रज्ञांनी तांदळाची, गव्हाची, शेंगदाण्याची पोती राखली आणि त्यातले काही जण त्या पोत्यांच्या शेजारीच भुकेनं गेले. ज्या वाविलोवनं तो संग्रह जमवला तो 1943 मध्ये सरकारच्याच तुरुंगात उपासमारीनं मेला. आमच्या मडक्याची त्याच्याशी बरोबरी करायची नाही, आमच्या घरात कुणी मेलं नाही. पण वाचताना मला आजीच ते मडकं उतरंडीच्या वरच्या टोकाला ठेवताना दिसली.

लग्न झालं आणि वाडगं सुटलं. नवऱ्याची नोकरी बदलीची, त्यामुळे जिल्हाभर सरकारी क्वार्टरांतून आमचा संसार फिरला: पुसद, उमरखेड, वणी, मधे पांढरकवडा. क्वार्टर म्हणजे पुढे चार पावलं जागा, मागे आठ. भिंती सरकारच्या, छपराची गळती सरकारची, पण मागच्या आठ पावलांवर कुणाचाच हक्क नसतो आणि म्हणून तो माझा. सामान उतरवून झालं की मी आधी सब्बल शोधायचे. आणि ती सब्बल मारली की हा जिल्हा किती तऱ्हेचा आहे ते समजायचं. नकाशावर सगळा एकच काळा कापूसपट्टा दिसतो. पुसदला पूस नदीच्या बाजूची गाळाची माती, तिथं हात लावीन ते यायचं. कारल्यांनी मांडव वाकला होता. पांढरकवड्याला भारी काळी. ओली झाली की चपलेला चिकटून दोन किलोची होते, वाळली की तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. ह्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसते. भेगा पडताना झाडाची बारीक मुळं तुटतात. शेतात ती ओल धरते म्हणून सोन्याची. कुंडीत घातली तर मुळांचा श्वास कोंडते. तिच्यात निम्म्याला निम्मा मुरूम आणि शेणखत घातल्याशिवाय कुंडी भरू नये. नवशिके एवढंच विसरतात आणि मग आपला हात लाभत नाही म्हणून हळहळतात. हात लाभण्याची गोष्ट मला फारशी पटत नाही. लाभतं ते शेणखत.

वणीचं मात्र प्रकरण निराळं. कोळशाच्या खाणी, राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या आणि जिल्ह्यातला सगळ्यात भाजून काढणारा उन्हाळा. सकाळी पानांवर काळी भुकटी बसलेली असायची, संध्याकाळी ती फडक्यानं पुसावी लागे. तिथं मी लिंबू लावलं, जास्वंद लावली, आणि दोन्ही पिवळी पडायला लागली. पिवळी कशी, तर कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्यागार. पान उन्हात धरलं की शिरांची जाळी स्पष्ट मोजता येई. सगळे म्हणाले, खत घाला. खत घातलं तसं आणखी पिवळं. शेवटी एका कृषी सहायकानं पान बघून सांगितलं, "मॅडम, जमिनीत चुनखडी आहे. लोह आहे, पण झाडाला मिळत नाही." चुनखडीच्या जमिनीचा सामू आठाच्या घरात जातो आणि तिथं लोह विरघळत नाही, मुळांच्या शेजारी असून उपाशी ठेवतं. उपाय जुना आणि स्वस्त: लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, त्यात अर्धं लिंबू पिळायचं, ऊन कलल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारायचं, आणि आठवड्यानं पुन्हा. नवी पानं हिरवी आली. जुनी पिवळीच राहून गळाली, ती सुधारत नाहीत. कायमचा इलाज म्हणजे बुडाशी कुजलेला पालापाचोळा घालत राहणं, पण त्याला वर्षं लागतात आणि बदलीच्या माणसाकडे ती नसतात.

वणीचं लिंबू धरायला लागलं त्या वर्षी आमची बदली झाली. उमरखेडचं सीताफळ, पुसदचा पेरू यांचीही तीच कथा. सुरुवातीला मला ह्याचं फार लागायचं. आपण आळं करायचं, उन्हाळाभर बादल्या वाहायच्या आणि फळ खायचं मागून येणाऱ्या अनोळखी साहेबांच्या पोरांनी. मग लक्षात आलं, की प्रत्येक नव्या क्वार्टरमध्ये मला आधीच्या बाईचं काही ना काही मिळत होतं. पुसदला मोगरा, पांढरकवड्याला गोडनिंबाचं जुनं झाड आणि त्याभोवती पिल्लंच पिल्लं. त्या बायांची नावंही मला माहीत नाहीत. कुणी कॉलनीत तुळस ठेवून गेली, कुणी कोरफड. सरकारी दप्तरात ह्या देवघेवीची नोंद नाही. क्वार्टर सोडताना पंखे, ट्यूबलाइटी, नळाच्या तोट्या मोजून घेतात, झाडं कुणी मोजत नाही.

झेक लेखक कारेल चापेक ह्यानं 1929 मध्ये बागकाम करणाऱ्या माणसाच्या वर्षावर एक मिश्कील पुस्तक लिहिलं, चित्रं त्याच्या भावानं, योसेफनं काढलेली. त्यात त्यानं हेरलेली गोष्ट माझ्या अनुभवाशी जुळते: बागवाल्याचा जीव खरा फुलांवर नसतो, मातीवर असतो. हे आमच्या कॉलनीतल्या नव्या पिढीला पटत नाही. त्यांना नर्सरीतून फुललेलं झाड आणून रंगीत प्लास्टिकच्या कुंडीत ठेवायचं असतं. ते ठेवतात, महिन्याभरात ते मरतं, ते दुसरं आणतात. माझी त्यावर हरकत नाही, पण त्याला झाडं लावणं म्हणू नये. मनी प्लांटच्या बाटलीबद्दल तर मी बोलतच नाही.

निवृत्तीनंतर यवतमाळातच, दारव्हा रोडच्या बाजूला घर बांधलं. शहर उंचवट्यावरचं. जरा खोदलं की मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. पाणी टिकत नाही. पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो म्हणजे तसा कमी नाही, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि मेमध्ये पारा 44-45 वर जातो. 2017 ला पाऊस ओढला. निळोणा आणि चापडोह ह्या दोन धरणांवर तेव्हा शहराची तहान भागायची, ती दोन्ही भरली नाहीत, आणि 2018 चा उन्हाळा यवतमाळकर अजून विसरलेले नाहीत. पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी नाही. टँकर आला की गल्ली ड्रम घेऊन धावायची. अशा वेळी झाडाला पाणी घालताना शेजारीण बघतेय का, ह्याची भीती वाटायची. पिण्याचं पाणी झाडाला घालणं हा त्या उन्हाळ्यात गुन्हाच होता आणि तो कुणी करूही नये.

मग तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं, राखेनं घासलेल्या भांड्यांचं, असं सगळं पाणी जमा व्हायला लागलं. आमच्याकडे घरात कुणी हात धुतला तरी खाली घमेलं असायचं. आणि मडकी. कुंभाराकडून कच्च्या बोळक्यागत भाजलेली, पाणी झिरपणारी साधी मडकी आणायची. रंगवलेली नकोत, रंगानं भोकं बुजतात. गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, भोवती वीतभर अंतरावर रोपं, मडकं भरून वर झाकण. मातीला लागेल तेवढंच पाणी मडकं देतं. माती ओली असली की झिरपणं आपोआप थांबतं. ऊन पाण्यापर्यंत पोचत नाही म्हणून वाफ होत नाही. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात हा उपाय लिहिलेला आहे. वर सोयाबीनचं कुटार अंथरलं की माती झाकली जाते; शेतातलं जे पीक मी कधी मानलं नाही त्याचं कुटार आता मीच भावाकडून पोत्यानं मागवते. त्या उन्हाळ्यात गुलाब गेले, टोमॅटो गेले. मिरची, वांगी आणि मोगरा मडक्यांवर राहिले. मोगऱ्याला तर थोडा ताणच हवा असतो. थंडीत त्याचं पाणी तोडायचं, जानेवारीअखेर छाटायचा, पानं ओरबाडून काढायची, मग शेणखत आणि पाणी. मार्चपासून कळ्या. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असताना संध्याकाळी उंबऱ्यात मोगऱ्याची ओंजळ, हे यवतमाळच्या उन्हाळ्याचं आमच्यावरचं एवढंच एक उपकाराचं काम.

पावसाळ्यात माझी खरी मौज दोडक्याच्या वेलाशी. शहरातल्या मांडवावर फुलं भरपूर लागतात आणि फळ धरत नाही, अशी तक्रार घेऊन कुणी ना कुणी येतंच. दिवसा येतात, हीच अडचण. दोडक्याचं पिवळं फूल उमलतं संध्याकाळी, पाचच्या पुढे. भोपळ्याचं पांढरंही दिवस मावळताना. कारलं, काकडी, लाल भोपळा सकाळचे. घोसाळं तर दोडक्याचं सख्खं भावंड असून पहाटे उमलतं. संध्याकाळच्या फुलांवर रात्रीचे पतंग येतात, आणि जिथं रस्त्यावर पांढरे दिवे भगभगतात तिथं पतंग दिव्याकडे जातात, फुलाकडे नाही. मग ते काम आपण करायचं. नर फुलाचा देठ बारीक आणि सरळ, ते झुपक्यानं येतं. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच तयार असतो, त्यावरच्या शिरासुद्धा दिसतात. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे वळवायच्या, आणि मधला पिवळा पराग मादीच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. एक नर दोन-तीन माद्यांना पुरतो. जमलं असेल तर तिसऱ्या दिवशी पेर मान खाली घालून लांबायला लागतं. नसेल तर पिवळं पडून गळतं. नवऱ्यानं टॉर्च धरायची आणि मी स्टुलावर, असा आमचा ह्या वयातला संध्याकाळचा फिरायला जाण्याचा प्रकार आहे.

कीड ह्या विषयावर मात्र मी हसत बोलू शकत नाही. परसातली भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि शेतातली पऱ्हाटी ही सगळी एका कुळातली. फुलं शेजारी ठेवून बघा, तोच मधला दांडा, त्यावर तसेच पराग. म्हणून रोगराईही सामायिक. कापसावरची गुलाबी बोंडअळी शेतात पऱ्हाटी नसताना भेंडीवर आणि अंबाडीवर दिवस काढते. जास्वंदीवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण, तोही पऱ्हाटीवर जातो. घरी मी जास्वंदीची ती फांदी कापून जाळते किंवा साबणाच्या पाण्यानं धुते. दोन-चार झाडांना ते जमतं. पाच एकरांना जमत नाही. 2017 च्या पावसाळ्यात ह्याच जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते, कित्येकांची नजर अंधुक झाली. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, तोंडाला नुसता रुमाल आणि पंपात दोन-तीन औषधं एकत्र. त्यांच्यापैकी कुणाला विचारलं असतं, घरामागच्या भेंडीवर हे मारशील का, तर नाहीच म्हणाला असता. ती पोरं खातात. हा फरक करता येणं किती महागात पडलं, ते त्या वर्षी यवतमाळच्या दवाखान्यासमोर उभं राहिलेल्यांना ठाऊक.

त्यानंतर आमच्याकडे नैसर्गिक शेतीची बोलणी वाढली. खरं तर ती आधीपासून होती. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर ह्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्याच यवतमाळचे सुभाष शर्मा ह्यांना 2025 मध्ये. शर्मांनी रासायनिक शेती करून हात पोळल्यावर ती सोडली आणि माती, पाणी, झाडं, पक्षी ह्यांच्या भरवशावर शेत उभं केलं. त्याआधी कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभारून शेतकऱ्याला स्वतःच्या रानात स्वतः प्रयोग करायला लावलं, पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब शिकवला. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक माझ्या कपाटात आहे. ह्या मंडळींचं मी पुष्कळ घेतलं, सगळं नाही. जीवामृत करते: एकराचं माप दोनशे लिटरचं, मी त्याचा विसावा हिस्सा, दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, तेवढंच गोमूत्र, शंभर-शंभर ग्रॅम गूळ आणि बेसन, झाडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज काठीनं ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी पातळ करून बुडाशी. पण त्यांचे काही भक्त शेणखताला आणि निंबोळी पेंडीलाही नाकं मुरडतात, तिथं माझं त्यांच्याशी जमत नाही. निंबोळ्या जूनमध्ये रस्त्यावर पायदळी पडलेल्या असतात. त्या वेचून, वाळवून, ठेचून रात्रभर भिजवल्या की गाळलेल्या पाण्याचा फवारा होतो आणि चोथा वांग्याच्या बुडाशी जातो. फुकटच्या औषधावर वाद घालण्यात मला रस नाही.

आता वाटपाचं सांगते. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. जेवायला आंबील, पुरण आणि सोळा भाज्या लागतात. बाजारात त्या दिवशी सोळा भाज्यांची जुडी बांधून मिळते, पण ती आणणं आमच्या गल्लीत कमीपणाचं समजतात. आदल्या दिवशी दुपारपासून पोरं पिशव्या घेऊन फिरतात. माझ्याकडची अंबाडी, दोडका आणि गवार. पलीकडच्या वहिनींकडचं लाल भोपळ्याचं पान आणि कोवळं फूल. कोपऱ्यावरच्या गुरुजींचा अळू. एका डॉक्टरीणबाईंच्या गच्चीवरची बरबटी. कुणाची भाजी कमी पडली तर एकाच वेलाची पानं, फुलं आणि फळ अशा तीन भाज्या मोजल्या जातात, आणि त्याला महालक्ष्म्यांनी आजवर आक्षेप घेतलेला नाही. गावोगावी बचत गटांच्या बायांकडून सरकारच्या 'उमेद' अभियानानं पोषण परसबागा लावून घेतल्या, गोलाकार, मधे खताचा खड्डा, आठवड्याच्या सात दिवसांचे सात वाफे. झाडीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, गेलं तर झोपडीच्या छपरावर भोपळा आणि वाल चढलेले दिसतात, त्यासाठी कुणी आराखडा दिलेला नाही. आराखड्याची बाग दोन वर्षांनी उरते की नाही ते मी एकाच खुणेवरून ओळखते: तिथल्या बाया शेजारणीला बी देतात का. देत असतील तर बाग टिकली आहे, फलक पडला तरी.

आणि जे आपण देत नाही ते वानरं नेतात. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची ही टोळी गच्च्यांवरून येते, सकाळी नऊच्या सुमारास, कामावर निघालेल्या माणसांच्या वेळेला. पपई खात नाहीत, चावून टाकतात. टोमॅटोचा एकेक घास. कोवळा दोडका तोडून वास घेतात आणि खाली फेकतात, मला सगळ्यात राग येतो तो ह्याचा. फटाके झाले, गोफण झाली, कुणी वाघाचं चित्र टांगलं. त्या वाघाच्या समोर बसून एका मादीनं पिल्लाच्या उवा वेचलेल्या आम्ही पाहिल्या. हिरव्या जाळीखालची मिरची वाचते आणि अंबाडी, आंबटचुका त्यांना आवडत नाहीत, एवढाच तह.

मागच्या महिन्यात शेजारच्या घरात नवं बिऱ्हाड आलं. बँकेतला मुलगा, त्याची बायको अकोल्याकडची, दोघंही नवखी. ती कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "काकू, आमच्याही घरामागं जागा हाये. काय लावू पह्यले?"

"मुंगणा," मी म्हणाले.

"मुंगणा दारी नसते म्हणे लावत."

"दारात नको, मागं लाव. लाकूड ठिसूळ असते, वादळात फांदी पडते अंगावर, म्हणून सांगत असतील जुने लोक. अन् न्हाणीच्या पाण्यापासून दूर. मुळाशी पाणी साचलं की कुजते. मनगटाएवढी जाड फांदी देते तुला, हातभर खोल पुरायची, वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावायचा म्हणजे ते वाळत नाही. कंबरेपर्यंत फूट आली की शेंडा खुड, नाही तर सरळ वर जाते अन् शेंगा तोडायला शिडी लागते."

तिनं हे सगळं फोनवर टिपून घेतलं. मग म्हणाली, "पण काकू, यांची तं दोन-तीन वर्षांत बदली होते. लावून आम्हाले काय भेटन?"

"आठ-दहा महिन्यांत शेंगा लागतील. पाला तर दोन महिन्यांतच खाशील. बाकीचं मागून येईल ती खाईल."

ती थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिली. "आन वांदरं आले तं?"

"येतीलच. पाला त्यांचा, शेंगा तुझ्या. फार तर निम्म्या."